बंद न होणारे दार

अमेरिकेतील उपनगरांत घराला दर्शनी दार असते, परंतु त्याचा उपयोग पाहुण्यांपुरता. घरच्या माणसांची ये-जा गॅरेजमधूनच चालते. मोटारीत बसल्या बसल्या कळ दाबावी, आणि सोळा फूट रुंदीचे पोलादी दार रुळांवरून वर सरकत छताला समांतर जाऊन थांबावे, हे दृश्य तेथे नित्याचे आहे. आमची कन्या न्यू जर्सीत राहते. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे असताना हे दार बिघडले. बिघाड क्षुल्लकच होता. परंतु त्याने जो विचार मनात आणला, तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

दार उघडताना काहीच तक्रार नसे. बंद होताना मात्र ते निम्म्यावर येऊन थबके आणि पुन्हा वर जाई. छताला टांगलेल्या यंत्राचा दिवा लुकलुकत राही. कधी तिसऱ्या प्रयत्नाला दार बंदही होई. बाहेर तापमान शून्याखाली, सकाळी सर्वांना कामाची घाई. दुरुस्ती करणाऱ्याने फोनवरच सांगून टाकले, की यंत्र जुने झाले आहे, नवे बसवा. सहाशे डॉलर पडतील. तोवर जावयांना एक तोड सापडली होती. आतल्या भिंतीवरचे बटण सतत दाबून धरले, की दार निमूटपणे खाली येई. पाहता पाहता दोन आठवडे तोच परिपाठ पडला.

एके सकाळी जावई असेच बटण दाबून उभे होते. त्यांच्या व दाराच्या मध्ये दोन मोटारी उभ्या. आमचा चार वर्षांचा नातू उंबरठ्याशी बसून मुठीत बर्फ गोळा करीत होता, हे त्यांना दिसणे शक्यच नव्हते. सौ.ने ते पाहिले व मोठ्याने हाक मारली. त्यांनी बोट उचलताच दार मागे फिरले. काही झाले नाही. परंतु त्या दिवशी घरात कोणाचेच चित्त थाऱ्यावर नव्हते.

दुपारी मी यंत्राची माहितीपुस्तिका काढून वाचली. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीलगत, दोन लहान डोळे बसवलेले असतात. एक अदृश्य किरण सोडतो, दुसरा तो टिपतो. दार खाली येत असताना किरण खंडित झाला, की यंत्र दार परत वर नेते. हे डोळे जमिनीपासून सहा इंचांहून उंच असू नयेत असा नियम आहे. म्हणजे रांगणारे मूलही त्यांतून निसटू नये. अशा दारांखाली सापडून अनेक बालकांचे प्राण गेल्यावर अमेरिकेने १९९० मध्ये यासंबंधी कायदा केला, आणि १९९३ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्रास अशी संरक्षक योजना बंधनकारक झाली. बटण दाबून धरणे म्हणजे या डोळ्यांची साक्ष बाजूला ठेवणे. ज्याच्या डोळ्यांसमोर दार आहे, त्यानेच ते वापरावे, हा त्यामागचा हेतू.

बँकेतील पस्तीस वर्षांत एक शिस्त अंगवळणी पडली होती. दिवसअखेर तेरीज जुळली नाही, तर फरक किती लहान आहे हे पाहायचे नाही. बारा रुपयांचा फरक हा दोन मोठ्या, परस्परविरुद्ध चुकांची वजाबाकीही असू शकतो. तो सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाता येते. चूक मात्र वहीत तशीच राहते. म्हणून एकेक नोंद तपासून बाजूस सारायची आणि जे उरेल तेथे शोधायचे.

त्याच रीतीने आरंभ केला. हातातल्या रिमोटने जे होते, तेच भिंतीवरचे बटण एकदा दाबून सोडले तरी होते. म्हणजे दोष रिमोटचा अथवा त्यातील सेलचा नव्हे. दार पूर्ण खाली असताना लाल दोरी ओढून ते यंत्रापासून सोडवले आणि हाताने उचलले. ते सहज वर आले व निम्म्यावर सोडले असता तेथेच स्थिर राहिले. म्हणजे वजन तोलणारी स्प्रिंग शाबूत होती. (ही दोरी दार वर असताना ओढू नये, स्प्रिंग तुटलेली असल्यास ते एकदम कोसळते. स्प्रिंगला तर आपण हातही लावू नये, ते जाणकाराचे काम.) मोटार दार वर नेत होती, म्हणजे तिचेही बरे चालले होते. उरले ते दोन डोळे.

त्यांची भिंगे मऊ कापडाने पुसली. फरक पडला नाही. मग कन्येला बटण दाबायला सांगून मी उजव्या डोळ्याजवळ स्टुलावर बसलो. त्याचा हिरवा दिवा आरंभी स्थिर होता. दार निम्म्यावर येताच रूळ थरथरला आणि दिवा फडफडू लागला. डोळा धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट सैल झाला होता. बर्फ ओढण्याच्या फावड्याचा धक्का लागला असावा. डोळा सरळ करून नट बोटांनीच आवळला. दार खाली आले आणि मिटले. मग मुद्दाम वाटेत रिकामे खोके ठेवून पाहिले. दार माघारी फिरले. जावई म्हणाले, "बाबा, हे खोकं इथंच राहू दे. दर महिन्याला बघत जाऊ."

दार बिघडले असे आपण म्हणत होतो. वास्तविक ते आपले काम करीत होते. किरण पोहोचत नाही, तेव्हा वाटेत कोणी असेल, असे समजून ते थांबत होते. आपल्याकडेही असे थांबणारे पुष्कळ आहेत. पावसाळ्यात ईएलसीबी वारंवार पडते म्हणून तिला वगळून थेट जोडणी करून घेणारी घरे मी पाहिली आहेत. भिजलेल्या भिंतीतून वीज कोठे झिरपते आहे, हे मात्र कोणी शोधत नाही. अशी वस्तू अडून बसली, तर तिला गप्प करण्यापूर्वी ती कशासाठी अडली आहे, एवढे पाहावे. शोधायला बहुधा एक दुपार पुरते.