मिटल्या तोंडाची आक्का

तालुक्याच्या गावातलं ते नर्सिंग होम पाहुण्याला सगळं हौसेनं दाखवतं. नवं सोनोग्राफीचं मशीन, ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले दिवे, पहिल्या बाळंतपणाचा फ्रेम केलेला फोटो. आक्का मात्र कुणाला दाखवत नाहीत. ती ओटीशेजारच्या लोखंडी कपाटात, सगळ्यात खालच्या खणात, धुतलेल्या चादरींच्या मागे बसलेली असते. कपाटाची किल्ली डॉक्टर मॅडमच्या पर्समध्ये. लाल कापडी पाठ, झिजलेले कोपरे, वर चिकटवलेल्या कागदावर नुसतं साल. सरकारदरबारी तिचं नाव प्रवेश नोंदवही, दवाखान्यात एमटीपी, म्हणजे गर्भपाताचं, रजिस्टर. ‘आक्का’ हे थोरल्या सिस्टरांनी ठेवलेलं. वही भरली की नवी येते, नाव तेच पुढे चालतं.

आक्का भलती चौकस. गर्भपातासाठी आलेल्या बाईला ती जितकं विचारते, तितकं लग्न जमवताना मध्यस्थही विचारत नसेल. नाव काय, कुणाची बायको किंवा कुणाची मुलगी, वय किती, पत्ता कुठला, किती आठवडे झाले, कारण काय. धर्मसुद्धा विचारते. तो कशाला हवा, हे तिला विचारायची सोय नाही. पण एवढं सगळं ऐकून घेऊन ती जे तोंड मिटते, ते मिटतेच. गावात असं माणूस शोधून सापडायचं नाही.

तिचा तोरा एकाच गोष्टीचा: बाईचं नाव फक्त माझ्याकडे. नियमच तसा आहे. केसपेपर, ओटीचं रजिस्टर, पुन्हा तपासणीला यायचं कार्ड, यांतल्या कुणालाही नाव लिहिण्याची मुभा नाही. त्यांनी फक्त आक्कानं दिलेला क्रमांक लिहायचा, पुढे रेघ मारून साल. दरवर्षी जानेवारीत मोजणी पुन्हा एकपासून. संमतीपत्र आणि डॉक्टरांचं मत पाकिटात घालून बंद करायचं, वर ‘गुप्त’ लिहायचं आणि तोच क्रमांक. ओटीचं रजिस्टर आक्काच्या दुप्पट जाड आणि दिवसभर टेबलावर मिरवणारं, पण या बाबतीत तिच्यापुढे अगदी गरीब.

या क्रमांकापायी एकदा गंमत झाली. सिस्टरांनी रात्री निरोप ठेवला, ‘पाच नंबरला सकाळी काही खायला द्यायचं नाही.’ म्हणायचं होतं पाच बाय तेवीस. वॉर्डातल्या मामांना पाच नंबर म्हणजे पाचवी कॉट. तिथे हर्नियाचे आजोबा, ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. घरून आलेले पोहे मामांनी हातातून परत नेले. बाराला घोळ ध्यानात आला, पण दुसरी पाच नंबर कोण हे आजोबांना सांगणार कोण? आपलं आणखी एक ऑपरेशन थोडक्यात हुकलं, असंच ते अजून समजतात.

आक्का भेट कुणाला देते? नियमात माणसं मोजकी आहेत. चौकशी असेल तर राज्याचे मुख्य सचिव, गुन्ह्याचा तपास असेल तर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, दिवाणी दावा असेल तर जिल्हा न्यायाधीश. इतक्या वर्षांत यांच्यापैकी कुणी त्या बोळात पाऊल टाकलेलं नाही. येतात ते वेगळेच. नगरसेवकाचा माणूस येतो. ‘आमच्याच घरातली आहे’ म्हणत मामेभाऊ येतो. सासू तर येतेच. अठरा पूर्ण झालेल्या शहाण्या बाईची स्वतःची सही कायद्याला पुरते, नवऱ्याचीसुद्धा लागत नाही, हे तिला पटवता पटवता सिस्टरांचा चहा गार होतो. एकदा एक हवालदार आले. हातात कागद नाही, काखेत हेल्मेट. ‘जरा वही बघायचीय, साहेबांनी सांगितलंय.’ सिस्टरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, ‘मुख्य सचिवसाहेबांनी का?’ हवालदार पाणी पिऊन गेले.

आक्का मनानं कोरडी मात्र नाही. नोकरदार बाईला रजेसाठी दाखला लागला तर तिनं अर्ज केल्यावर डॉक्टर तो देऊ शकतात. पण तो वाचणाऱ्या मालकानंही पुढे कुणाला सांगायचं नाही, असं नियमानं बजावून ठेवलंय. आक्काचा वचक असा ऑफिसापर्यंत पोचतो. निदान कागदावर पोचतो.

तिचं माहेर सरकारी आहे. 1964 साली महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली गेली, 1971 साली त्याचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 ला लागू झाला. एप्रिल फूलच्या मुहूर्तावर संसार मांडूनही बाईला थट्टेचं वावडंच. मुद्दाम नियम मोडणाऱ्याला दंड ठरवला तो हजार रुपयांपर्यंत. 1972 साली हजार ही रक्कम होती. पुढे पुढे तेवढ्यात धड एक सोनोग्राफी होईना, तरी आक्काच्या अब्रूची किंमत तेवढीच राहिली. सप्टेंबर 2021 मध्ये दुरुस्ती आली तेव्हा कुठे बाईचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, असं ठरलं. पन्नास वर्षं हजार रुपयांवर इमान राखणारी दुसरी नोकर सरकारला मिळाली नसती.

एका जागी तिची कोंडी व्हायची. मुलगी अठराच्या आतली असली की बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा पॉक्सो कायदा म्हणतो, पोलिसांना कळवा. आक्का म्हणते, नाव सांगू नका. डॉक्टर मधे. त्या धास्तीनं मुली दवाखान्याची पायरीच टाळून भलत्या ठिकाणी जात. 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं वाट काढली: पोलिसांना कळवायचं, पण मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर तिची ओळख उघड करायची गरज नाही. आक्काला यात नवीन काही वाटलं नसणार.

तिचं खरं दुःख शेजाऱ्यांचं. सोनोग्राफीच्या खोलीतला फॉर्म एफ हा तिचा चुलतभाऊ, तोंडाचा फाटका. घरात मुलं किती, त्यांत मुली किती, वयं काय, सगळं भरून घेतो आणि दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत वर पोचवतो. पण त्याला नावं ठेवता येत नाहीत. पोटातल्या मुली वाचाव्यात म्हणून त्याला बोलका केलाय. राग येतो तो बिलाच्या खिडकीचा. आक्का आत दातखीळ बसल्यासारखी गप्प, आणि बाहेर बाकावर वीस माणसं बसलेली असताना खिडकीतला पोरगा ओरडतो, ‘एमटीपीचे पैसे कोण भरतंय?’ वीस माना एकदम वळतात. त्या वेळी कपाटातून कण्हल्याचा आवाज येतो, असं सिस्टर सांगतात.

नव्या पोरींच्या मोबाइलातल्या पाळीच्या ॲपशी तर तिचं जमणारच नाही. ते गोड बोलून तारखा काढून घेतं, वर फुलंबिलं दाखवतं. यांतल्या ‘फ्लो’ नावाच्या ॲपनं बायकांची खाजगी माहिती, अगदी दिवस राहिल्याचीसुद्धा, फेसबुक, गूगल अशा कंपन्यांकडे पोचवली, असा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगानं केला. जानेवारी 2021 मध्ये तडजोड जाहीर झाली. आक्काला फुलं काढता येत नाहीत, आणि फेसबुकवर तिचं खातं नाही.

आक्काचं मरणही नियमात लिहिलेलं आहे. शेवटची नोंद झाल्यावर पाच वर्षांनी, कोर्टकचेरीचं काही लटकलेलं नसेल तर, वही नष्ट करायची. गेल्या खेपेला मामा म्हणाले, ‘जाड आहे, रद्दीत चांगला भाव येईल.’ सिस्टरांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग दुपारी ओपीडी उठल्यावर त्या मागच्या अंगणात स्टूल टाकून बसल्या आणि एकेक पान उभं, मग आडवं फाडत घमेल्यात टाकत गेल्या. वाचलं एकही नाही, चष्मा मुद्दाम आत ठेवला होता. काडी मामांनी लावली. पानं भराभर गेली, पुठ्ठा मात्र धुमसत राहिला. मामांनी काठीनं तो उलटवला, वरचं साल वाचलं आणि विचारलं, ‘सिस्टर, काय होतं हो एवढं ह्यात?’

‘नंबर,’ सिस्टर म्हणाल्या आणि घमेल्यात पाणी ओतलं.