वाकड्या मोत्याचे नाव

बऱ्हाणपुरास तापीकाठी आमचे बिऱ्हाड. कुलदेवता मात्र गोमंतकातील कवळ्याची श्रीशांतादुर्गा. आजीच्या नथेतील एक मोती बेढब होता. येथील एका सराफाने तो पाहताच बाजूस सारला. आजीने नथ उचलली आणि आम्हांस एवढेच म्हणाली, "तांकां नाका जाल्यार नाका, आमकां जाय."

पुढे कवळ्यास एका पाहुण्याने देवालयाचा घुमट व कमानदार खिडक्या पाहून 'ही बरोक शैलीची छाया' असे उद्गार काढले. घरी येऊन इंग्रजी कोश उघडला. मूळ पोर्तुगीज 'बार्रोको'. अर्थ, बेढब मोती! देवीच्या देवालयासही सराफाचाच शेरा? मला राग आला. (काही पंडित हा शब्द तर्कशास्त्रातील 'बारोको' नामक क्लिष्ट अनुमानापासून काढतात, मला मोतीच पटतो.)

रागाच्या भरात शोध आरंभिला, तो वाट गोव्यासच परतली. वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधींवरील संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात गोलाई नसलेल्या मोत्यांस हाच शब्द योजिला आहे. त्याच दशकात आमची देवी केळशी सोडून नदीपलीकडे कवळ्यास गेली. मग ओर्तांवर राग धरावा, तर ते ज्यू वंशाचे. मृत्यूनंतर १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्यांची हाडे उकरून जाळली. राग कोणावर धरावा, हेच मला कळेनासे झाले.

बऱ्हाणपूरची तलम मलमल व जरीच्या ओढण्या वाखाणणारा फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निए याच्या काळी हा शब्द मोत्यांचाच होता. फ्रेंच अकादमीच्या १६९४ च्या कोशातही त्यास दुसरा अर्थ नाही. १७४० च्या आवृत्तीत मात्र 'विचित्र, अनियमित' हा लाक्षणिक अर्थ आला. त्यानंतर तो वास्तुकलेस हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला. १८८८ मध्ये वोल्फलिन या कलेतिहासकाराने त्या शैलीचा स्वतंत्र विचार मांडला, तेव्हा कोठे तिची अप्रतिष्ठा सरू लागली.

कवळ्याचे आजचे देवालय १७३८ चे, शाहू छत्रपतींच्या काळातले. ज्या सत्तेमुळे देवीस स्थलांतर करावे लागले, तिच्याच मुलखातील घुमट-कमानी कारागिरांनी तिच्या घरासाठी नि:शंक उचलल्या! मला त्यांच्या या धिटाईचे कौतुक वाटते.

नथ आता सुनेकडे आहे. गेल्या नवरात्रात तिने तार बदलून घेतली. मोती बदलायचा का, असे सोनाराने विचारले. ती कोकणीतच 'नाका' म्हणाली.