स्वस्त उपचार येतो कुठून?

परळच्या टाटा हॉस्पिटलचा विषय निघाला की लोक गर्दीबद्दल बोलतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेबद्दल बोलतात आणि तिथे कमी पैशात उपचार होतात असं सांगतात. सगळं खरं आहे. पण स्वस्त म्हणजे देणगीतून बिल कमी केलेलं, एवढाच अर्थ लोक त्यातून काढतात. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मी तिथे शिकलो, आता जिल्ह्याच्या गावी तेच काम करतो. माझ्या मते धर्मादाय रुग्णालयाचं खरं मोठेपण दुसरीकडे आहे. ज्या प्रश्नाच्या उत्तरातून कुणालाच नफा होणार नाही, तो प्रश्न धसास लावायची ताकद त्याच्याकडे असते.

एक उदाहरण जरा विस्ताराने सांगतो. मिशरी लावणारी एखादी बाई जिभेच्या कडेला व्रण घेऊन येते. तुकडा तपासला, कर्करोग निघाला. जिभेचा तेवढा भाग काढायचा, यात दुमत नाही. मान चाचपली तर गाठ कुठेच लागत नाही. मग मानेतल्या ग्रंथी त्याच वेळी काढायच्या की नाही? काढल्या तर शस्त्रक्रिया लांबते, पुढे खांदा दुखतो, हात वर न्यायला जड जातो. आणि बऱ्याच जणांच्या ग्रंथी तपासणीत निर्दोषच निघतात. नाही काढल्या तर बारीकसा रोग मागे राहण्याची भीती. जगभरचे सर्जन यावर कित्येक वर्षं भांडत होते. दोन्ही बाजूंना अनुभव होता, पुरावा नव्हता.

2004 पासून टाटामध्ये असे रुग्ण, त्यांच्या संमतीने, दोन गटांत घेतले गेले. कोण कोणत्या गटात, हे डॉक्टर ठरवत नव्हते. 2015 साली पहिल्या 500 रुग्णांचा निकाल आला. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के हयात होते. गाठ आल्यावर काढू म्हणून थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के. आठ माणसांमागे एक जीव! नवं औषध नाही, नवं यंत्र नाही, कुणाचं पेटंट नाही. सुरी तीच, फक्त ती कधी चालवायची ते कळलं. आज मीच काय, तालुक्याच्या गावात बसलेला सर्जनही त्या निकालावर विसंबून मानेला हात घालतो.

टाटामधले सर्जन डॉ. राजेंद्र बडवे यांचा स्तनाच्या कर्करोगावरचा अभ्यास याच जातीचा. गाठ काढण्याआधी काही मिनिटं तिच्या भोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन द्यायचं. दात काढताना बधिर करायला देतात तेच, अगदी किरकोळ किमतीचं. सोळाशे बायकांच्या त्या अभ्यासात पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेलं. लिग्नोकेन विकून श्रीमंत होणारी कंपनी नाही. हा अभ्यास बाजाराने कधीच केला नसता. निव्होलुमॅबचंही तसंच. लाखांच्या घरातलं औषध. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी देऊन पाहिलं, आणि डोक्या-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात साध्या गोळ्यांच्या जोडीला तेवढ्यानेही वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16 वरून 43 टक्क्यांवर आलं. कमी मात्रा पुरते का, हे औषध विकणारा कशाला विचारील?

हे सगळं परळपुरतं नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मदतीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 1 लाख 31 हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे 2009 मध्ये जगाला कळलं ते त्या खेड्यांमुळे. तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, अशी टीकाही झाली. ती मला झटकून टाकता येत नाही. त्या बायकांचं देणं आपल्यावर आहे, आणि घरोघर तपासणी पोचवूनच ते फिटेल.

टाटा ट्रस्टने 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळचं रुग्णालय उघडलं, 1957 मध्ये ते केंद्र सरकारकडे गेलं आणि 1962 मध्ये अणुऊर्जा खात्याकडे. उपचार, संशोधन आणि शिक्षण एका छपराखाली राहिलं, म्हणून तिथले निवासी डॉक्टर पुरावा मागायची सवय अंगात मुरवूनच बाहेर पडतात.

माझ्या ओपीडीत मात्र अभ्यासाचं नाव काढलं की नातेवाईक हात जोडतात, “डॉक्टर, आमच्या माणसावर प्रयोग नको.” ही भीती मी समजू शकतो. तरी सांगतो: अभ्यासात भाग घ्याल का, असं कुणी विचारलं तर संमतीपत्र मराठीत मागून घ्या, घरी नेऊन वाचा. नेहमीचा उपचार कोणता, नवं काय आहे, त्रास झाला तर खर्च कोणाचा, हे सगळं विचारा. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि त्यामुळे तुमचा उपचार थांबवता येत नाही. फक्त नकार द्यायचा तो कागद वाचून झाल्यावर द्या.