बिनपावतीचं दान

केदारखेडा, रविवार, 26 ऑक्टोबर 2025

उपासना ओसरीवर झाली. आमची मंडळी लहान, स्वतंत्र इमारत नाही. शेवटच्या प्रार्थनेनंतर पाळकांनी विषय काढला: यंदा हंगामाचा सण घ्यायचा का? सप्टेंबरच्या पावसानं पूर्णाकाठच्या शिवारात काय करून ठेवलंय ते सगळ्यांना दिसतंय. सोयाबीन काळं पडलं, पहिल्या वेचणीचा कापूस बोंडातच भिजला, एकदोघांच्या रानातली तर मातीच खरडून गेली.

मागून कोणीतरी म्हणालं, "दशांश कशाचा काढायचा, अर्धं तर पुरानं आधीच काढलं." हशा पिकला. हसताना माणसं एकमेकांकडे बघत नव्हती.

निर्णय एका मावशींनी केला. नवरा नाही, रोजानं जातात. "सण काय सोयाबीनचा हाये का? देवाचा हाये. ज्याला जे जमंल ते आणील." पुढच्या रविवारी सण ठरला.

बुधवार, 29 ऑक्टोबर

मिशनच्या इतिहासाबद्दल बोलताना आपली माणसं हमखास परदेशी देणगीदारांपासून सुरुवात करतात. मिरजेचं इस्पितळ म्हटलं की डॉ. वॉन्लेस आणि अमेरिकेतून आलेला पैसा. चुकीचं नाही, पण अर्धंच. आपल्या जालना जिल्ह्यात रेव्हरंड नारायण शेषाद्रींचं उदाहरण आहे, आणि तरुण मुलांना ते ठाऊक नसतं.

नारायणरावांचा मुंबईत 1843 साली बाप्तिस्मा झाला. ब्राह्मण घर. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला होता, त्याला कोर्टानं आईवडिलांच्या ताब्यात दिलं. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यायचं की नाही, यावर मुंबई पेटली. बाळशास्त्री जांभेकर घ्यावं म्हणणाऱ्यांत होते. म्हणजे एक भाऊ त्या तीरावर, एक या. हा हिशोब कुठल्याही मिशनच्या वार्षिक अहवालात रुपयांत दाखवता येत नाही.

पुढे हेच नारायणराव निजामाच्या मुलखात, जालन्यात आले. दिवाण सालारजंगांकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. तिथं आलेली कुटुंबं बहुतेक मांग समाजातली. ज्या ब्राह्मण माणसाला जातीनं दार लावलं, तो गावकुसाबाहेरच्यांसाठी गाव बांधायला बसला. त्यासाठी पैसे मागत स्कॉटलंड-अमेरिकेपर्यंत फिरला. 1873 साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पागोट्यासह उभा राहिला. 1891 मध्ये परदेशाहून परतताना बोटीवरच वारला.

पण बेथेलला राहायला आलेल्या त्या मांग कुटुंबांनी काय सोडलं? गावकीतला हक्काचा वाटा, बलुतं, सोयरीक. इतिहासानं एका माणसाचं नाव जपलं, बाकीचे सगळे "कुटुंबं" या एका शब्दात बसवले. मीही वर तेच केलंय. नावं मिळतच नाहीत.

शनिवार, 1 नोव्हेंबर

मोंढ्यात जाऊन आलो. सोयाबीनचा यंदाचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, कागदावर. व्यापारी ओलावा दाखवून भाव पाडतो. उद्याच्या अर्पणाचं काय होणार, धाकधूक आहे.

रविवार, 2 नोव्हेंबर

धाकधूक व्यर्थ. ओसरी भरली. मका, मोसंबी, अंडी, पाय बांधलेली एक कोंबडी, दुधी भोपळे, मूठमूठ कापूस. सोयाबीन एकाच घरचं, तेही डागी.

उपासनेनंतर लिलाव. परगावचा माणूस बघेल तर चक्रावेल: भोपळा तीनशेला घेतला, घेणाऱ्यानं तिथंच परत अर्पण केला, पुन्हा बोली लागली, दुसऱ्यानं अडीचशेला घेतला. भाजी कोणाच्या घरी शिजली कोण जाणे, पण साडेपाचशे जमा झाले.

मग मावशींचा डबा पुढे आला. वनस्पती तुपाचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला सुतळी. रोज स्वयंपाकाला धान्य काढताना त्या एक मूठ बाजूला टाकतात. त्यामुळे आत रेशनचा गहू, तांदूळ, बाजरी, थोडी ज्वारी, सगळं सरमिसळ. मोंढ्यात याला कोणी हात लावणार नाही. आमच्याकडे बोली अकराशेवर गेली. पावती फाडायला नाव विचारलं तर म्हणाल्या, "घेणाराचं नाव लिहा गुरुजी. माझं कशाला? डबा तेवढा परत द्या, पुढच्या सालाला लागंल."

मंगळवार, 4 नोव्हेंबर

ही मूठ बाजूला ठेवण्याची रीत फार लांबही आहे. मिझोराममध्ये 1910 पासून बायका दर स्वयंपाकाला मूठभर तांदूळ मंडळीसाठी वेगळा ठेवतात, आणि तिथली चर्चेस मिशनकार्याचा मोठा खर्च त्यावर चालवतात.

दुसरी बाजूही लिहून ठेवतो. 1917 साली कवी नारायण वामन टिळकांनी मिशनचा पगार सोडला. केवढा त्याग, असं आपण म्हणतो. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचा. टिळक देत सुटायचे आणि संसाराची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंना करावी लागायची. एकजण देतो आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं, असं फार घरांत होतं. म्हणून दशांशावर प्रवचन करणाऱ्यानं आधी विचारावं, घरच्या बाईला विचारलंय का? आणि कर्ज काढून दिलेलं अर्पण पाळकांनी सरळ परत करावं.

गुरुवार, 6 नोव्हेंबर

रात्री पैशांवरून बैठक. तरुणांना स्पीकर हवा. माझं मत स्पष्ट होतं आणि बरीच वादावादी होऊन तेच टिकलं. पहिला वाटा सुवार्तिकाचा. हा माणूस जुन्या मोटारसायकलवर भोकरदन-जाफराबादची खेडी करतो आणि पेट्रोल बऱ्याचदा खिशातून टाकतो. परदेशी पैशाची आशा धरून उपयोग नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (FCRA) 2020 साली झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला परदेशातून आलेला निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. आपलं काम आपल्याच डब्यांवर चालणार.

उरलेल्या पैशांतून हरभऱ्याचं बियाणं. ज्यांची जमीन खरडली त्यांना, मंडळीतल्या असोत वा नसोत. एकानं सुचवलं, पिशवीत एखादं पत्रक टाकू. मी नाही म्हणालो. अडलेल्या माणसाच्या हातात बियाण्याबरोबर पत्रक ठेवणं म्हणजे देणं नव्हे, सौदा. सुवार्तिकानंच मला दुजोरा दिला, तेव्हा विषय मिटला.

एक विनंती इतर मंडळ्यांच्या खजिनदारांना. सण झाला की आठवड्याच्या आत जमाखर्च दारावर लावा, रुपयान् रुपयाचा. ज्यांनी रोजच्या घासातली मूठ काढून दिली, त्यांना ती कुठे गेली हे कळलंच पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना वाचून दाखवा.