जमणे, जुळणे वगैरे

छत्तीस वर्षे मी वाशीमला शाळेत इंग्रजी शिकवले. 'गिव्ह अप' म्हणजे वर देणे नव्हे, हे सांगता सांगता केस पिकले. क्रियापदाला चिकटलेले ते चिमुकले शेपूट अर्थ कुठल्या कुठे नेऊन टाकते, हा माझा ठरलेला धडा. गेल्या दिवाळीत तोच धडा मला नातीपुढे बसून गिरवावा लागला!

नात पुण्याला शिकते. ओसरीवर बसून ती फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "अगं, ते दोघं नुसते हूक अप झालेत." मला वाटले, वीजचोरीचे प्रकरण! तारेवर आकडा टाकून दिवे लावणारे महाभाग सगळ्यांनाच ठाऊक आहेत. मी काळजीने विचारले, "मग, पकडले का गं त्यांना?"

ती हसून हसून लोळली. मग माझी शिकवणी सुरू झाली. 'हूक' म्हणजे पोलक्याचा आकडा, एवढे मी जाणत होतो. त्याला 'अप' जोडून इंग्रजीने तारा जोडल्या, यंत्रे जोडली. आणि साधारण १९८० नंतर अमेरिकेतल्या कॉलेजांतून माणसेही जोडायला घेतली. दोघे भेटतात, जवळ येतात. उद्याचे वचन मात्र कोणी मागत नाही.

"जवळ म्हणजे किती जवळ?" मास्तरकीची खोड जाते कुठे!

"तेच तर शब्द सांगत नाही, आजोबा," ती जरा लाजून म्हणाली. "चुंबनापासून पुढे काहीही."

कॅथलीन बोगल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकन कॉलेजांतल्या या चालीवर २००८ साली पुस्तकच लिहिले आहे. तिथल्या मुलांतही या शब्दाच्या अर्थाबद्दल एकमत नाही. मला वाटते, तीच त्याची सोय असावी. सांगितल्यासारखे होते, आणि झाकलेलेही राहते.

"म्हणजे भानगड!" मी निकाल दिला.

नातीचा चेहरा उतरला. "भानगडच का, आजोबा? दोघांच्या खुशीने असेल तरी?"

वाचकहो, तो शब्द माझ्याच घशात अडकला. कारण तो मी पहिल्यांदा ऐकला तो आमच्या ताईविषयी. १९५७ साल. वाशीम तेव्हा जिल्हा व्हायचे होते. तो मान १९९८ साली मिळाला. गाव लहान, तोंडे मोठी. ताई आणि एक तरुण मास्तर यांच्यात पुस्तकांची देवघेव चाले, आणि ती पुस्तके नेणारा-आणणारा दहा वर्षांचा हमाल मी. इतकेच. पण गाव म्हणाले, "भानगड आहे." मास्तर बदली करून गेले. दोन महिन्यांत वडिलांनी ताईला उजवून टाकले. पुढे ती माहेरी येई, राही, कामाला हातभार लावी. पण पुस्तक म्हणून पुन्हा तिने हाती धरले नाही. खरे काय ते मला ठाऊक होते. मला कोणी विचारले नाही, आणि मी सांगितले नाही.

आणि गाव तरी कोणते? जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी! हजारएक वर्षांपूर्वी राजशेखराने 'काव्यमीमांसे'त या नगराला मदनाचे क्रीडास्थान म्हटले, आणि सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचा गांधर्व विवाह इथेच लावून दिला. गांधर्व म्हणजे दोघांची खुशी हाच विधी. वऱ्हाडातले लग्न, आणि तेही वऱ्हाडावाचून! त्याच गावाला माझ्या बहिणीसाठी मात्र एकच शब्द सापडला.

नातीचा तो नवा शब्द मला आवडला, असे मी म्हणणार नाही. आकडा जितक्या चटकन अडकतो तितक्याच चटकन निघतो, आणि निघताना कापड कुणाचे फाटते हे तो बघत नाही. पण एवढे खरे, की तो कुणाकडे बोट दाखवत नाही. आमच्या शब्दाला तर बोटाखेरीज दुसरा अवयवच नव्हता.

ताईची ही गोष्ट मी नातीला सांगितली. घरात ती पहिल्यांदाच कोणी सांगत होते. ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी याला एकही चांगला शब्द नव्हता का हो?"

होता की. जमणे होते, जुळणे होते.

"ताईचं जुळलं होतं," मी म्हणालो.

तीनच शब्द. पण ते तोंडातून निघायला पासष्टाहून अधिक वर्षे लागली, आणि ज्या कानांसाठी ते होते, ते कान आता नाहीत.