ख्रिसमस, व्हाया दौंड

डिसेंबर लागला की ऑफिसात दोनच प्रश्न फिरत असतात. ‘सीएल किती उरल्यात?’ आणि ‘थर्टीफर्स्टला कुठे?’ गेल्या वर्षी आमच्या ग्रुपनं ठरवलं की थर्टीफर्स्टचा नाद सोडायचा. ते कव्हर चार्ज, ती नाकाबंदी आणि रात्री दोनला न मिळणारी रिक्षा, नको बाबा! त्यापेक्षा आठवडाभर आधी जाऊ. ख्रिसमसला. मुंबईला.

ग्रुप म्हणजे तिघंच. पुण्यात राहून फ्रीलान्स लिहिणारी मी, मूळची शिरूरची. माझा शाळेपासूनचा मित्र, जो रांजणगाव एमआयडीसीत एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. आणि कॉलेजात भेटलेली दौंडची मैत्रीण, सध्या खराडीत आयटीवाली. तिघांत ख्रिश्चन तीच एकटी. त्यामुळे ‘ख्रिसमस’ म्हणजे नक्की काय करायचं, याची सगळ्यात कमी एक्साइटमेंटही तिलाच.

आमचं प्लॅनिंग झक्कास चाललं होतं. बांद्रा स्टेशनला उतरायचं, हिल रोडवर खरेदी, रानवारच्या गल्ल्यांतून फोटो, माउंट मेरी, बँडस्टँड, मग कार्टर रोडला काहीतरी महागडं खायचं. माउंट मेरीची ती प्रसिद्ध जत्रा सप्टेंबरात असते, ख्रिसमसला नाही, हे मला मैत्रिणीनंच सांगितलं. मी तोवर जत्रेचा फोटो-फीचर कुणाला विकता येईल याचा विचार करून झाले होते! बजेट माणशी तीन हजार. हॉटेलांचे चोवीस तारखेचे रेट बघितल्यावर ते बजेट पहिल्याच दिवशी गाळात गेलं.

आणि मग दौंडच्या आंटींचा फोन आला. मैत्रिणीची आई. म्हणाल्या, ‘‘तुम्ही पोरं मुंबईला चाललाय म्हणे नाताळला. मी आले तर चालेल?’’

आता यात थोडी मागची गोष्ट सांगायला हवी. आंटी मूळच्या माझगावच्या, ईस्ट इंडियन. म्हणजे मुंबई-वसईकडचे मराठी बोलणारे कॅथलिक. पश्चिम किनाऱ्यावर राहून ‘ईस्ट’ इंडियन कसे, हा प्रश्न मलाही पडला होता. तर १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, गोवा-मंगळूरकडून येणाऱ्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, इथलेच आणि जुन्या ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतले, हे दाखवायला त्यांनी हे नाव घेतलं. असो. आंटी लग्न होऊन दौंडला आल्या ते रेल्वेतल्या माणसाशी. अंकल इंजिन ड्रायव्हर. आज त्याला लोको पायलट म्हणतात, पण आंटींच्या तोंडी ड्रायव्हरच.

दौंड हे गावच रेल्वेवर उभं राहिलेलं. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लाइन सुरू झाली आणि जंक्शन झालं. रेल्वेच्या नोकरीमागून अँग्लो-इंडियन, गोवेकर, तमिळ, तेलुगू अशी सगळी मंडळी आली. त्यामुळे रेल्वे कॉलनीत डिसेंबरात ज्या हुकाला दिवाळीचा आकाशकंदील असतो, त्याच हुकाला काही घरांत चांदणी लागते. कॉलेजात असताना मी पहिल्यांदा तिच्या घरी गेले ते कुलकुल करायला. मैद्याच्या गोळ्या काट्याच्या चमच्यावर किंवा कोऱ्या कंगव्यावर दाबून वळायच्या, तळायच्या आणि पाकात घोळायच्या. शेजारच्या तीन-चार बायका, एक मोठं ताट आणि अखंड गप्पा. आमच्याकडे दिवाळीला चकल्या होतात, अगदी तस्संच. फक्त आंटींच्या कुलकुल सगळ्या एका मापाच्या आणि माझ्या प्रत्येकीचा आकार स्वतंत्र!

तर इतकं सगळं असताना आंटी नाताळला कधी माहेरी गेल्याच नाहीत. कारण साधं आहे. गाड्या नाताळला बंद नसतात. चोवीसच्या रात्री कॉलमन दारात कॉलबुक घेऊन उभा राहायचा आणि अंकल सही करून सोलापूर नाही तर मनमाडकडे निघायचे. आंटी त्यांच्या लाइन बॉक्समध्ये, म्हणजे ड्रायव्हर लोक ड्युटीवर नेतात त्या पत्र्याच्या पेटीत, केकचा तुकडा आणि डबाभर कुलकुल ठेवायच्या. केक रनिंग रूमवर वाटला जायचा. मुलगी लहान, नवरा ड्युटीवर, मग माहेरी कोण जाणार? अंकल रिटायर झाले तेव्हा ‘पुढच्या वर्षी नक्की’ असं ठरलं होतं. ते पुढचं वर्ष आलं नाही. आंटींकडे रेल्वेचा विधवा पास आहे. त्यावर त्या वेलंकनीला जाऊन आल्या, पण मुंबईला मात्र नाही.

त्यांची मागणी एकच होती. भायखळ्याच्या ग्लोरिया चर्चमध्ये चोवीसच्या रात्रीचा मिस्सा. तिथं त्यांचा बाप्तिस्मा झालेला आणि लग्नही.

बास, आमच्या बांद्रा प्लॅनचे बारा वाजले. खोटं कशाला बोलू, पहिली रिॲक्शन ‘अरे यार’ हीच होती. मित्र तर म्हणाला, ‘‘म्हणजे आपण आता तीर्थयात्रेला चाललोय?’’ पण दुसऱ्या दिवशी त्यानंच मेसेज टाकला की आंटींना लोअर बर्थ बघा.

आता कामाचं. तुम्हीही असं काही ठरवत असाल तर हे वाचून ठेवा. रेल्वेचं ॲडव्हान्स बुकिंग नोव्हेंबर २०२४ पासून एकशे वीसऐवजी साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे चोवीस डिसेंबरसाठी पंचवीस ऑक्टोबर. तेव्हा आपण सगळे दिवाळीच्या मूडमध्ये असतो आणि मग डिसेंबरात वेटिंग लिस्ट बघून रडतो. पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांसाठी लोअर बर्थचा कोटा असतो, तो बुकिंग करतानाच निवडा. सीनियर सिटिझनची भाड्यातली सवलत २०२० पासून बंद आहे, तिचा हिशेब धरू नका. एका पीएनआरवर सगळ्यांचा बोर्डिंग पॉइंट एकच असतो, त्यामुळे कुणी दौंडला आणि कुणी पुण्याला चढणार असेल तर तिकिटं वेगळी काढा. आणि मनमाडकडून येणाऱ्या गाडीचं तिकीट असेल तर ती दौंड जंक्शनला येते की दौंड कॉर्ड लाइनला थांबते, हे बघाच. दोन्ही स्टेशनं वेगळी आहेत. अस्सल दौंडकरसुद्धा यात फसलेले आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मिस्साची वेळ. मुंबईतल्या पुष्कळ चर्चेसमध्ये मिडनाइट मास आता मिडनाइटला नसतोच. लाउडस्पीकरच्या नियमांमुळे तो बराच आधी सुरू होतो. आम्ही आधी संध्याकाळच्या गाडीचा विचार करत होतो, रात्री अकराला दादर. आंटींच्या मावसबहिणीनं माझगावहून फोन करून सांगितलं, ‘‘अकराला याल तर केक खायला याल!’’

म्हणजे दुपारची गाडी. आणि इथंच मित्राचा पत्ता कटला. त्याला चोवीसला सेकंड शिफ्ट, तीन ते अकरा. कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाला वर्षअखेरीला शिफ्ट बदलून मागणं म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना सांगायला नको. त्याचा स्वतःचा उपाय तयार होता. अकराला सुटायचं, बाइक काढायची, दीडपर्यंत दौंड गाठायचं आणि मध्यरात्रीनंतर येणारी सिद्धेश्वर पकडून सकाळी मुंबई. त्यावर आंटींनी त्याला फोन केला. ‘‘त्या रस्त्यानं रात्री यायचं नाही. आलास तर मी गाडीतून उतरेन.’’

आंटी उगाच बोलत नव्हत्या. शिरूर-न्हावरे-चौफुला हा रस्ता डिसेंबरात उसाचा असतो. कारखान्यांचं गाळप सुरू, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला आणि मागे रिफ्लेक्टर असला तर तुमचं नशीब. अंधारात ट्रॉली दिसते तेव्हा ती दहा फुटांवर असते. आमच्या शाळेतला एक मुलगा असाच गेला. मित्रानं फार वाद घातला नाही. रांजणगावहून नगर रोडनं पुणे आणि तिथून रात्रीची एसटी धरून दादर, असं ठरलं. त्याचा मिस्साही हुकला, गाडीतला टाइमपासही.

खरं तर शिरूरकरानं मुंबईला जाताना दौंडला जाणं हा द्राविडी प्राणायामच. आमच्या गावाला रेल्वे नाही. मुंबई पश्चिमेला आणि आम्ही आधी आग्नेयेला पन्नास-साठ किलोमीटर जाणार! पण आंटींना एकटीनं गाडीत चढवायचं नाही, लेक पुण्याला चढणार, म्हणून दौंडपासूनची सोबत माझ्याकडे होती.

चोवीसच्या सकाळी मी शिरूरहून एसटीनं निघाले. गाडी गावाबाहेर पडताना आठवलं, आमच्या गावचं आणि गोऱ्या साहेबाचं नातंही मजेशीर आहे. शिरूर म्हणजे घोडनदी ही कंपनी सरकारची जुनी छावणी. इथं १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेस नावाच्या साहेबाच्या थडग्याला आजूबाजूचे लोक ‘सत्पुरुष’ म्हणून सुगीत धान्याचा नैवेद्य दाखवायचे, अशी गॅझेटियरमध्ये नोंद आहे. बाहेरून आलेल्याला आपल्यात मुरवून घ्यायची आमची पद्धत ही अशी.

न्हावऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. भीमेच्या पुलाच्या अलीकडे एसटी थांबली. पुढे उसाची ट्रॉली आडवी झालेली. रस्ताभर ऊस. पोरं मोळ्या पळवतायत, दोन्ही बाजूंना वाहनांची रांग. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. मी आंटींना फोन केला, ‘‘मी नाही पोचले तर तुम्ही चढा. ती पुण्याला भेटेलच.’’

‘‘मी तीस वर्षं गाड्यांच्या टायमावर काढलीत. मला नको शिकवू. तू ये.’’ फोन कट.

एका बाइकवाल्या काकांच्या मागे बसून चौफुल्यापर्यंत आले. वाटेत केडगावला मुक्ती मिशनला थांबायचं मी ठरवलं होतं. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुलींना आणून वसवलेली ती जागा. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचं रमाबाईंचं काम इथलंच, आणि छापखाना चालवायच्या त्या इथल्याच मुली. पण आता कुठलं थांबणं! चौफुल्यावरून वडाप धरून पाटसमार्गे दौंड. स्टेशनच्या पुलावर मी अक्षरशः धावले. गाडीला चार मिनिटं होती आणि आंटी आमचा डबा जिथं येणार नेमक्या त्याच जागी, बाकावर शांत बसलेल्या. निळी साडी, बरोबर एक हँडबॅग आणि पायाशी काळी पत्र्याची पेटी. पांढऱ्या रंगात अंकलचं नाव आणि खाली ‘दौंड’. पेटी उचलली तर मनगट वाकलं. आत कुलकुल, केक आणि बहिणीसाठी दौंडचा पाच किलो गूळ.

प्रवासात विशेष काही घडलं नाही. पुण्याला मैत्रीण चढली. कर्जतला वडापाव झाले. दादरला उतरून लोकलनं भायखळा. तिथलं जुनं स्टेशन छान दुरुस्त केलंय, त्याला २०२२ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. पण पुलाच्या पायऱ्या पायऱ्याच असतात. आंटींचा गुडघा आणि ती पेटी, आम्हाला पंचवीस मिनिटं लागली.

ग्लोरिया चर्च मूळचं माझगावचं, १६३२ मधलं. भायखळ्याची आजची इमारत १९१३ ची. रात्री आम्ही पोचलो तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर अंगणातच उभे राहिलो. कुणीतरी आंटींना प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. मान उंचावूनही त्यांना वेदी दिसत नव्हती, समोर एका उंच माणसाची पाठ तेवढी होती. मैत्रीण पुढे घुसायला बघत होती, तर त्यांनी तिचा हात धरून ठेवला.

‘‘राहू दे. ऐकू येतंय.’’

दीड तास त्या त्या खुर्चीवर बसून होत्या. कुठं उठायचं, कुठं काय म्हणायचं, सगळं पाठ. मला त्यातलं काही कळत नव्हतं, मी फक्त बाकीचे उठले की उठत होते.

मिस्सा संपल्यावर मला वाटलं, आता घरी, झोप. आंटी खुर्चीतून उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘‘बरं, ते तुमचं बांद्रा कुठं आहे? की फक्त मेसेजमध्येच जायचं होतं?’’

हिल रोडला पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. गर्दी अशी की टॅक्सीवाल्यानं अलीकडेच उतरवलं. आंटींनी सांताक्लॉजच्या टोपीची किंमत विचारली, निम्म्यावर आणली आणि तरी घेतली नाही. मग एका पायरीवर बसून आम्ही तिघींनी डबा उघडला.

सकाळी सातला मित्र दादरला उतरला. डोळे लाल, अंगात अजून कंपनीचा शर्ट. माझगावच्या त्या दोन खोल्यांच्या घरात मावशींनी त्याच्यासमोर गरम फुगे आणि बॉटल मसाल्यातलं मटण ठेवलं. तो न बोलता जेवला. मग हात धुऊन आला आणि विचारलं, ‘‘कुलकुल उरल्यात का?’’

आंटींनी पेटी पुढे सरकवली.