बंद लॉगबरोबर गेलेले काम

सी भाषेतला डीबग लॉगचा मॅक्रो डीबग बिल्डमध्ये मजकूर छापतो. रिलीज बिल्डमध्ये बहुतेक वेळा त्याच्या जागी काहीच उरत नाही. फंक्शनला दिलेले आर्ग्युमेंट आधी चालवले जाते, मग फंक्शन. मॅक्रोला मात्र ते नुसता मजकूर म्हणून मिळते आणि मॅक्रो रिकामा असला की त्याच्याबरोबर तेही जाते. प्रमाण लायब्ररीतल्या असर्टचे असेच आहे: एनडीबग दिले की कंसातले काही चालत नाही.

सिरीयल पोर्टच्या १६५५० चिपवर याचा फटका कसा बसतो ते पाहण्यासारखे आहे. फ्रेमिंग एरर आली की चिप इंटरप्ट देते आणि लाइन स्टेटस रजिस्टर वाचल्यावरच तो मिटतो. एका ड्रायव्हरमध्ये हे वाचन फक्त लॉगच्या कंसात होते. डीबग बिल्ड बिनतक्रार चालला. रिलीज बिल्ड ग्राहकाकडे गेला आणि पहिल्याच एररला इंटरप्ट मिटेना; हँडलर संपतो न संपतो तोच पुन्हा सुरू होई आणि यंत्र जागीच अडके. तपासासाठी लॉग चालू केला की दोष गायब. मग संशय केबलवर गेला, तिथून अर्थिंगवर, आणि बोल लागला वायरिंग करणाऱ्या तंत्रज्ञाला. त्याने केबल बदलली, सगळी जोडणी नव्याने केली. त्याचे काम पहिल्यापासून चोख होते. पुढे ती ओळ सापडली, दुरुस्त झाली, पण त्याला कोणी साधे कळवलेही नाही. कोडमधल्या दोषापेक्षा हे अधिक सलणारे आहे.

मॅक्रो रिकामा ठेवण्यापेक्षा त्यात ‘इफ (०)’खाली प्रिंटएफ ठेवावा. कंपायलर तो तपासतो, पूर्णांकाच्या जागी स्ट्रिंग दिली तर हटकतो आणि शेवटी गाळून टाकतो. भोवती ‘डू–व्हाइल (०)’ हवेच, नाहीतर बाहेरच्या इफचा एल्स आतल्या इफला चिकटतो. लिनक्स कर्नलमध्ये बंद लॉगसाठीचे नो-प्रिंटके पूर्वी इनलाइन फंक्शन होते. त्यात आर्ग्युमेंटमधली फंक्शने लॉग बंद असतानाही चालत. २०१६ मध्ये त्याचा ‘इफ (०)’वाला मॅक्रो झाला.

अर्थात, ‘इफ (०)’ने वरचे रजिस्टर वाचले गेले नसते. आर्ग्युमेंट नेहमी चालवावे, असे अशा वेळी वाटते. पण मग बंद लॉगचाही भार यंत्रावर पडतो, आणि लॉग बंद करण्याला अर्थ राहत नाही. त्यामुळे जबाबदारी वापरणाऱ्याकडेच येते. रजिस्टर वाचणे, रांगेतून नोंद काढणे, मोजणी वाढवणे ही कामे आधी स्वतंत्र ओळीत करावीत, किंमत व्हेरिएबलमध्ये घ्यावी आणि लॉगला तेवढीच द्यावी. आणि ग्राहकाकडे जाणार असेल तोच बिल्ड, लॉग बंद ठेवून, चाचणीला लावावा. तारा तपासायला माणूस पाठवण्याआधी.